कोलंबोच्या बंदरात अडकलेला बेदाणा : कवठेमहांकाळच्या एका शेतकरी कंपनीचं प्रकरण

हे प्रकरण २०२२ च्या हंगामातलं आहे. कंपनीचं, माणसांचं आणि गावाचं नाव दिलेलं नाही. रकमाही ओळख पटू नये इतपत इकडंतिकडं केल्या आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं गणित तसंच ठेवलंय. मी सांगलीत निर्यातीची कागदपत्रं करून देतो. या कंपनीची कागदपत्रंही मीच करत होतो, त्यामुळे यातली एक चूक माझी आहे. ती कोणती, ते योग्य ठिकाणी येईलच.

पार्श्वभूमी

कवठेमहांकाळ तालुक्यात नागजच्या पुढं जुनोनीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागलं की फेब्रुवारी ते एप्रिल दोन्ही बाजूंना बेदाण्याची शेडं दिसतात. हवा कोरडी, वारा भरपूर, पाऊस नावापुरता. द्राक्ष पिकवायला जे अवघड, तेच सुकवायला सोयीचं. तासगाव, मिरज पूर्व, जत इकडचा माल इथं येतो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर टाकायची, बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो. पिवळा रंग हवा असेल तर गंधकाची धुरी. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकऱ्याच्या पट्टीवर (विक्रीच्या हिशेबावर) त्याचा अजून फारसा परिणाम दिसत नाही, पण परदेशी खरेदीदारापुढं कागद ठेवायला बरा असतो.

कंपनीचे सभासद तीनशेच्या आसपास, त्यातले खरोखर माल घालणारे शंभरेक. अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. वय पासष्ट, स्वतःची चार एकर बाग, तासगावच्या सौद्यात (बेदाण्याच्या लिलावात) चाळीस वर्षं माल घातलेला माणूस. कंपनी काढण्यामागं त्यांची जुनी चीड होती. सौद्याच्या वेळी व्यापारी बॉक्स फोडून बेदाणा हातात घेतात, बघतात आणि उरलेला खाली टाकतात. या उधळणीचं नुकसान शेतकऱ्याच्या माथी. "पायाखाली तुडवलेला माल माझा हाय आणि तोलाई बी माझ्याकडनंच," असं ते प्रत्येक बैठकीत म्हणायचे.

पुढं राज्याच्या 'स्मार्ट' (कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन) प्रकल्पात कंपनीची निवड झाली. जागतिक बँकेच्या २१ कोटी डॉलर कर्जावर उभा असलेला, एकूण २,१०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प. त्यात शेतकरी कंपनीच्या उपप्रकल्पाला खर्चाच्या ६० टक्के अनुदान मिळतं, उरलेलं कंपनीनं भागभांडवल आणि कर्जातून उभं करायचं. धुण्याचं यंत्र, देठ काढणारं यंत्र, कलर सॉर्टर, पॅकिंगची शेड असं सगळं उभं राहिलं. यंत्रातून निघालेला पहिला बेदाणा मी पाहिलाय. एकसारखा सोनेरी, देठ नाही, खडा नाही. आबांनी मूठभर घेतला, उजेडात धरला आणि एकही दाणा खाली न टाकता परत बॉक्समध्ये ठेवला.

प्रकल्पाच्या प्रस्तावात बाजारपेठेचं प्रकरण लिहायचं असतं. आम्ही मालाच्या प्रतवारीवर सहा पानं लिहिली. पैसे कधी आणि कसे येणार यावर एक ओळ लिहिली.

सौदा कसा ठरला

श्रीलंका ही आपल्या बेदाण्याची जुनी गिऱ्हाईक. तिथं केकला भरपूर बेदाणा लागतो, मिठाईला लागतो, रमजानला लागतो आणि एप्रिलच्या मध्यात त्यांचं नवं वर्ष असतं, तेव्हाही लागतो. शिवाय भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार २००० सालापासून लागू आहे, त्यामुळे कागदाची वाट मळलेली. न्हावा शेवाहून कोलंबो जवळ. पहिल्या निर्यातीला याहून सोपा देश सापडला नसता, असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

खरेदीदार कोलंबोतला जुना सुकामेवा व्यापारी. डिसेंबर २०२१ मध्ये त्यानं नमुना मागवला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला आमच्याकडं अवकाळी पावसानं बागांना झोडपलं होतं, त्यामुळे चांगला माल कमी निघणार हे दिसत होतं. तरीही फेब्रुवारीत तीन कंटेनरचा करार झाला. प्रत्येकी १८ टन, दहा किलोचे बॉक्स, किलोला २.१५ डॉलर, कोलंबो पोच. म्हणजे एका कंटेनरचे ३८,७०० डॉलर. २५ टक्के आगाऊ.

उरलेल्या ७५ टक्क्यांचं काय, यावर कंपनीच्या कार्यालयात दोन तास बोलणं झालं. खरेदीदाराचं म्हणणं, माल विकून पैसे देतो, ४५ दिवस द्या. निर्यातीच्या भाषेत याला डी/ए म्हणतात : खरेदीदारानं हुंडीवर 'मुदतीनंतर देईन' अशी सही केली की बँक त्याला कागदपत्रं देते आणि तो माल सोडवून घेतो. याच्या उलट डी/पी : आधी पैसे, मग कागद. बँकेतल्या अधिकाऱ्यानं मसुद्यावरच्या 'डी/ए' या दोन अक्षरांभोवती पेन्सिलीनं गोल काढला होता. मी तो गोल पाहिला. आबांनाही दाखवला.

आबा म्हणाले, "तासगावात माल घातला की पट्टी कधी मिळती? महिना, दीड महिना. मग ह्यो माणूस पंचेचाळीस दिसच मागतुया. चार पिढ्यांचं दुकान हाय म्हणं त्याचं. पैसं कुठं पळून जात्यात?"

मला ते पटलं. इथं माझी चूक. तासगावातला अडत्या उधारी ठेवतो तेव्हा त्याचं दुकान, घर, भावकी सगळं दीड तासाच्या अंतरावर असतं आणि तो रुपयातच कमावतो, रुपयातच देतो. कोलंबोचा माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याला त्याच्या रुपयात कमावून डॉलरमध्ये द्यायचं होतं. त्याच्या सचोटीची चौकशी आम्ही तीन ठिकाणी केली. त्याच्या देशाकडं डॉलर किती उरलेत, हे कुणी पाहिलं नाही. ते तेव्हा रोज वर्तमानपत्रात येत होतं. करारात 'डी/ए ४५ दिवस' हे मीच टाइप केलं.

ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमाही (परदेशी खरेदीदाराचे पैसे बुडाले तर भरपाई देणारा) काढला नाही. पहिलाच माल आहे, पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.

अडचण

पहिला कंटेनर २४ फेब्रुवारीला निघाला. कोलंबोला पोचला, खरेदीदारानं हुंडी स्वीकारली, माल सोडवला. 'माल उत्तम' असा निरोप आला आणि सोबत गोदामात रचलेल्या बॉक्सचा फोटो. तो फोटो कंपनीच्या ग्रुपवर दोन दिवस फिरत होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेनं रुपया मोकळा सोडला. दोनशेच्या आसपास बांधून ठेवलेला डॉलर महिन्याच्या मध्यापर्यंत अडीचशेच्या पुढं गेला. सरकारनं आयातीवर निर्बंध आणले. पेट्रोलसाठी रांगा लागल्याच्या बातम्या आल्या.

आमच्यापैकी हे पहिल्यांदा जोडलं ते कंपनीच्या हिशेबनीस ताईंनी. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, कवठेमहांकाळलाच बी.कॉम. झालेली. तिनं मला फोन करून विचारलं, "सर, त्यांचा रुपया पडलाय, मग आपलं बिल त्यांना महाग पडणार नाही का?"

मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पहिल्या कंटेनरचे २९,०२५ डॉलर येणं होतं. माल घेतला तेव्हा त्याचे श्रीलंकन रुपये होत होते साधारण ५९ लाख. पुढं मे महिन्यात डॉलर ३६० ला गेला, तेव्हा त्याच बिलाचे झाले १ कोटी ४ लाख. बेदाणा मात्र त्यानं आधीच्या भावानं विकून टाकला होता. आणि रुपये जमवले तरी बँकेत डॉलर मिळेनात, ही अडचण वेगळीच.

ताईंच्या फोनच्या दिवशी दुसरा कंटेनर न्हावा शेवाच्या वाटेवर होता आणि तिसऱ्याचा माल कोल्ड स्टोअरेजमधून बाहेर काढायला हमाल आले होते.

पहिला निर्णय त्याच संध्याकाळी झाला. तिसरा कंटेनर भरायचा नाही. आबांना हे जड गेलं. शब्द दिलाय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी हमालांची निम्मी हजेरी देऊन त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या कंटेनरचं काय? तो परत फिरवता आला असता, पण शिपिंग बिल (सीमाशुल्काकडं द्यायचा निर्यातीचा कागद) झालं होतं, जागा आरक्षित होती, परतीचा आणि रद्द करण्याचा खर्च अंगावर येणार होता. मधला मार्ग काढला : माल जाऊ द्यायचा, पण कागद डी/ए ऐवजी डी/पीनं पाठवायचे. आगाऊ रक्कमही खरेदीदाराला २५ टक्के जमेना, त्यानं १० टक्के म्हणजे ३,८७० डॉलर पाठवले आणि आठवड्यात उरलेल्याची सोय करतो म्हणाला. दुसरा कंटेनर २० मार्चला जहाजावर चढला.

आता वाटतं, जो माणूस २५ टक्के देऊ शकत नाही तो ९० टक्के आठवड्यात कुठून आणेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकानं तरी मोठ्यानं विचारायला हवा होता.

१२ एप्रिलला श्रीलंकेनं परदेशी कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. पहिल्या हुंडीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. दुसरा कंटेनर कोलंबोच्या धक्क्यावर उभा होता, फुकटचे दिवस संपून भाडं चढत होतं, आणि त्याचे कागद तिथल्या बँकेच्या टेबलावर पडून होते.

दुसरा कंटेनर : तीन वाटा

२० एप्रिलला संचालक मंडळाची बैठक झाली. पत्र्याखाली उकाडा, पंखा फिरतोय न फिरतोय, आणि प्रत्येकाच्या फोनवर कोलंबोच्या बातम्या.

पहिली वाट थांबण्याची. खरेदीदार रोज फोन उचलत होता, पळून गेलेला नव्हता. पण डॉलर कधी मिळतील ते त्यालाही माहीत नव्हतं. बेदाणा उष्ण, दमट बंदरात साध्या कंटेनरमध्ये पडून राहिला की रंग काळवंडतो आणि साखर सुटते. थांबण्याची किंमत रोज वाढणार होती.

दुसरी वाट माल परत आणण्याची. परतीचं भाडं, इकडं सीमाशुल्काचे सोपस्कार, आणि आल्यावर तो विकायचा तासगावातच, ऐन हंगामात, सगळ्यांचा माल एकदम आलेला असताना. एका संचालकानं हिशेब मांडला आणि स्वतःच कागद उलटा ठेवला.

तिसरी वाट दुबईची. कोलंबो हे मोठं ट्रान्सशिपमेंट (माल एका जहाजातून दुसऱ्यात चढवण्याचं) बंदर, तिथून दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाजं कायम असतात. माझ्या ओळखीतला एक दुबईचा व्यापारी १.८० डॉलरनं घ्यायला तयार होता, कागद बँकेतूनच आणि आधी पैसे या अटीवर. भारत आणि युएईचा सेपा (सर्वंकष आर्थिक भागीदारी) करार १ मेपासून लागू होणार होता आणि या दुबईच्या व्यापाऱ्यालाही त्याचे कागद हवे होते. पण श्रीलंकेसाठी काढलेला मूळ-देश दाखला तिथं चालत नाही, नवा काढावा लागणार होता. आणि खरी मेख वेगळीच होती. रमजान ३ एप्रिलच्या सुमारास सुरू झाला होता, ईद मेच्या सुरुवातीला. आमचा माल पोचणार त्यानंतर. सणाचा भाव हुकलेला.

एकमतानं नाही, पण दुबई ठरली. मग कळलं की माल आपला असला तरी हलवता येत नाही. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवर) माल घेणारा म्हणून आम्ही थेट खरेदीदाराचं नाव घातलं होतं. ते 'बँकेच्या आदेशानुसार' असं घातलं असतं तर कागद परत मागवून माल वळवणं सोपं गेलं असतं. आता त्याच्या ना-हरकत पत्राशिवाय कंटेनर जागचा हलणार नव्हता. या एका रकान्यानं आमचे नऊ दिवस खाल्ले.

खरेदीदार पत्र द्यायला नाही म्हणत नव्हता, पण त्याचे ३,८७० डॉलर आमच्याकडं होते. काही संचालकांचं म्हणणं, ती रक्कम जप्त करा, त्यानं करार मोडलाय. आबांनी इथं जो मार्ग काढला तो मला अजून आवडतो. त्यांनी सांगितलं, ते पैसे पहिल्या कंटेनरच्या येण्यात वळते करा आणि तसं त्याला लिहून द्या. बँकेला लेखी कळवून तसं केलं. पहिल्या बिलाचं येणं २९,०२५ वरून २५,१५५ डॉलरवर आलं आणि दुसऱ्या दिवशी ना-हरकत पत्र आलं. जप्ती केली असती तर आठ-दहा लाखांचा कंटेनर-तोटा वीस-पंचवीस लाखांवर गेला असता आणि पहिल्या बिलासाठी फोन उचलणारा माणूसही गमावला असता.

मेच्या मध्याला माल जेबेल अलीला उतरला. पैसे ठरल्याप्रमाणे आधी आले.

पहिल्या कंटेनरचे पैसे

हे काम लांबलं. दावा लावण्याचा विचार झाला आणि सोडला. कोलंबोच्या कोर्टात निकाल लागला असता तरी मिळाले असते श्रीलंकन रुपयेच.

दरम्यान सभासदांत एक वेगळाच प्रश्न फिरत होता. भारतानं त्या वर्षी श्रीलंकेला जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केली, त्यातली १ अब्जाची उधारीची सोय तर मार्चमध्येच स्टेट बँकेमार्फत झाली. टीव्हीवर ते पाहून जतचे एक सभासद कार्यालयात आले. म्हणाले, "आपल्याच सरकारनं त्यास्नी इतकं पैसं दिल्यात, मग त्यातलं आमचं पंचवीस लाख का कापून घेत न्हाईत?" प्रश्न भाबडा वाटतो, पण नाही. त्यांना समजावताना मलाही नीट कळलं की ती सोय अन्नधान्य, औषधं, जीवनावश्यक माल यांच्या नव्या खरेदीसाठी होती आणि ठरलेल्या प्रक्रियेनं वापरली जाणार होती. बेदाण्याची जुनी उधारी त्यात बसत नव्हती. दोन देशांतली मदत वरच्या मजल्यावर होते, आमचं बिल तळमजल्यावर होतं.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परदेश व्यापार भारतीय रुपयात करण्याची व्यवस्था जाहीर केली. त्याचाही आम्ही विचार केला, पण तिकडच्या बँकांची खाती उघडून ती चालू व्हायला वेळ लागणार होता.

मार्ग खरेदीदारानंच सुचवला. त्याच्या मेहुण्याचं दुबईत दुकान होतं, तो त्याच्या वतीनं डॉलर पाठवायला तयार होता. अशा तिऱ्हाइताकडून आलेल्या पैशाला परवानगी असते, पण अटी असतात. त्यात युएई त्याच वर्षी मार्चमध्ये एफएटीएफ या काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या (जादा नजरेखालच्या) यादीत गेलं होतं, त्यामुळे बँकेनं छाननी कडक केली. तिघांच्या सह्यांचा करार, मेहुण्याच्या दुकानाचा परवाना, नातं स्पष्ट करणारं पत्र, असे कागद तीनदा परत आले. एकदा कारण होतं, बीजक क्रमांकात एक शून्य कमी.

जुलैत ८,००० डॉलर आले, ऑक्टोबरमध्ये ७,०००, जानेवारी २०२३ मध्ये ८,०००. निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत यायला हवेत हा नियम होता, ती मुदत नोव्हेंबरमध्ये संपली, तेव्हा बँकेकडून मुदतवाढ घेतली. उरलेल्या २,१५५ डॉलरवर तडजोड झाली आणि बँकेच्या संमतीनं बीजक तेवढ्यानं कमी करून प्रकरण मिटवलं. भारतानं श्रीलंकेच्या कर्जाच्या फेररचनेला पहिली लेखी हमी दिली तीही त्याच जानेवारीत. आमचा शेवटचा हप्ता आणि ती हमी एका महिन्यात आल्या, एवढंच. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण आबा अजून तसा जोडतात.

इकडे सभासद

परदेशातल्या पैशाची गोष्ट सांगताना हा भाग सहसा सुटतो, म्हणून थोडा सविस्तर.

पहिल्या दोन कंटेनरसाठी ४६ सभासदांनी ३६ टन माल घातला होता, सरासरी १४० रुपये किलोनं. म्हणजे देणं पन्नास लाखांच्या वर. निम्मे पैसे बँकेच्या पॅकिंग क्रेडिटमधून (निर्यातीआधी माल घ्यायला मिळणाऱ्या कर्जातून) मार्चमध्येच दिले होते. उरलेले पंचवीस लाख तीस दिवसांत, असा शब्द होता. एप्रिलअखेर तो शब्द मोडला.

यंत्रांच्या कर्जाचा हप्ताही त्याच महिन्यांत सुरू झाला. अनुदानानं यंत्राची किंमत कमी झाली होती, हप्त्याची तारीख नाही.

हातात होते तिसऱ्या कंटेनरसाठी राखलेले अठरा टन. ते तासगावच्या सौद्यात घातले. आबा स्वतः गेले. उधळण झाली, त्यांनी ती पाहिली आणि काही बोलले नाहीत. तेवीस लाखांच्या आसपास आले. आता हे पैसे कुणाला द्यायचे?

नियमानं बघितलं तर ते तिसऱ्या कंटेनरच्या माल घालणाऱ्यांचे. त्यातले बरेच संचालक आणि मोठे बागायतदार होते. पहिल्या दोन कंटेनरमध्ये लहान शेतकरी जास्त, कारण त्यांचा माल आधी तयार झाला आणि त्यांना घाई होती. कुणाचं विकास सोसायटीचं पीककर्ज थकलं होतं, कुणाचं औषध दुकानाचं बिल. बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. ठरलं ते असं : ज्यांचं येणं एक लाखाच्या आत आहे, त्यांना पूर्ण द्यायचं. त्यावरच्यांना हप्त्यानं. तिसऱ्या कंटेनरच्या सभासदांनी निम्म्या रकमेवर थांबायचं, उरलेल्यावर कंपनीनं बँकेच्या दरानं व्याज द्यायचं. दोन मोठे सभासद चिडून उठून गेले. त्यातला एक पुढच्या हंगामात परत आला, दुसरा आला नाही.

हा निर्णय न्याय्य होता का, यावर आमच्यात आजही दोन मतं आहेत. माझं मत, लहानांना आधी दिलं नसतं तर कंपनी त्या उन्हाळ्यातच बंद पडली असती. पण ज्यांना थांबवलं त्यांना आधी विचारलं नाही, सांगितलं. तेवढं चुकलं.

हिशेब

दुसऱ्या कंटेनरचे दुबईत ३२,४०० डॉलर आले. कोलंबोचं बंदरभाडं, कंटेनरभाडं, नवं जहाजभाडं मिळून ४,१०० गेले. मूळ करारापेक्षा १०,४०० डॉलर कमी, म्हणजे सुमारे आठ लाख रुपये.

पहिल्या कंटेनरचं गणित मजेशीर आहे. २५,१५५ पैकी २३,००० डॉलर आले. पण मार्चमध्ये डॉलर ७६ रुपयांच्या आसपास होता, पैसे आले तेव्हा ८० ते ८२. आपला रुपयाही घसरला, आणि त्यानं आम्हाला हात दिला. रुपयात मोजलं तर तूट पन्नास हजारांच्या आत राहिली. त्यावर व्याज गेलं सव्वा लाखाच्या आसपास. सगळं मिळून तोटा पावणेदहा लाख.

तिसरा कंटेनरही डी/एनं गेला असता तर? त्या हिशेबाचा कागद ताईंनी करून फाइलला लावलाय. मी तो एकदाच पाहिला.

काय वेगळं करता आलं असतं

विमा काढायला हवा होता, हे सगळेच म्हणतात आणि खरंही आहे. पण माझ्या मते मुख्य चूक विम्याच्या आधीची. आम्ही खरेदीदार पारखला, देश पारखला नाही. फेब्रुवारीत एक तास दिला असता तरी डी/पी आणि थोडा कमी भाव, असा करार झाला असता. किलोला दहा सेंट कमी घेतले असते तर कंटेनरला १,८०० डॉलर गेले असते. बाकीचं सगळं वाचलं असतं.

बिल ऑफ लेडिंगच्या रकान्याबद्दल मी वर लिहिलंच आहे. आता माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक नव्या निर्यातदाराला मी तो रकाना आधी दाखवतो आणि तेव्हा हेच प्रकरण सांगतो.

तिन्ही कंटेनर एकाच खरेदीदाराला, हेही मुळात चुकीचं. पण याबद्दल मी कंपनीला फार दोष देत नाही. नव्या कंपनीला एक चांगला गिऱ्हाईक मिळाला की दुसरा शोधायला उसंत नसते. प्रकल्पाच्या प्रस्तावातही एका खरेदीदाराशी पक्कं नातं दाखवलं की कागद भरीव दिसतो. दोघांशी कच्चं नातं असणं कधीकधी जास्त सुरक्षित असतं, ते कागदावर कसं मांडायचं हे मला अजून जमलेलं नाही.

आणि दुसरा कंटेनर. तो थांबवायला हवा होता. रद्द करण्याचा खर्च लाखाच्या घरात आला असता, गेले आठ लाख. त्या दिवशी आम्ही अर्धा निर्णय घेतला आणि पूर्ण निर्णयाचं समाधान मानलं.

त्यानंतर

२०२३ च्या हंगामाआधी कंपनीनं विक्रीचे नियम लिहून काढले. त्यातला एक आबांचा आहे आणि तो कुठल्याही प्रशिक्षणातून आलेला नाही. तासगाव-सांगलीच्या बाजारात दिवाळीआधी बेदाण्याचे सौदे काही आठवडे बंद ठेवतात. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांचं सगळं येणं चुकतं केल्यावरच ते पुन्हा सुरू होतात. बाजारात याला झिरो पेमेंट म्हणतात. आबांचं म्हणणं, हाच नियम बाहेरच्या खरेदीदाराला लावा. आधीच्या कंटेनरचं बिल शून्य झाल्याशिवाय पुढचा भरायचा नाही. ताईंनी तो नियम तपासायला २०२२ च्या तारखांवर लावून पाहिला. पहिल्या हुंडीची मुदत एप्रिलमध्ये होती, म्हणजे २० मार्चचा कंटेनर निघालाच नसता.

दुसरा नियम, निर्यातीचा सगळा माल एकाच देशाला नाही. तिसरा, ईसीजीसीची पॉलिसी नसेल तर उधारीवर माल नाही. हा तिसरा मी सुचवला, आणि त्यावर सही करताना आबा माझ्याकडं बघून हसले.

त्या वर्षी दोन कंटेनर दुबईला गेले, एक व्हिएतनामला. सप्टेंबरमध्ये कोलंबोच्या व्यापाऱ्याचा फोन आला. ख्रिसमसच्या केकसाठी चार टन हवा होता, भाव काय? आबांनी भाव सांगितला आणि अट सांगितली : पूर्ण रक्कम आधी. पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, ठीक आहे, पण बॉक्स मागच्यासारखेच द्या, देठ नसलेले.

चौथ्या दिवशी पैसे जमा झाले. ताईंनी बँकेचा मेसेज मला पाठवला, आणि खाली लिहिलं, "बीजक क्रमांक दोनदा तपासलाय."